त्रेचाळीस ओळी

"वहिनी, हे तुमच्याच हातून होणार," दीर म्हणाला आणि त्याने पेनड्राइव्ह माझ्या ताटाशेजारी ठेवला.

मी जेवत होते. पेनड्राइव्ह मी लगेच ओळखला. काळा, टोपण हरवलेला, पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. तो ठिपका मीच लावला होता, रुग्णालयाच्या औषध-स्टोअरमधले पेनड्राइव्ह आणि हा माझा एक यांत गफलत होऊ नये म्हणून. आठ वर्षांनी तो घरी आला होता. चोराने चोरीचा माल दुरुस्तीला मालकाच्याच दारात आणून टाकावा, आणि वर ताटाशेजारी.

"काय आहे यात?"

"मुदत. आपला प्रोग्राम."

आपला म्हणे. नवऱ्याने ताटातली नजर वर केली नाही. दोन भावांत बारा वर्षांचं अंतर, पण घरात मान खाली घालायचं काम नेहमी थोरल्याकडेच.

"अकरा रुग्णालयांचा समूह आहे," दीर सांगत होता. "संगणक विभागाचा प्रमुख म्हणून माझं नाव जवळजवळ नक्की झालंय. फक्त निवड समितीने अट घातलीय. मुदत त्यांना लिनक्सच्या अधिकृत डिस्ट्रिब्युशनमधूनच हवा. बाहेरून आणून बसवलेलं काही चालत नाही त्यांना. दोन एक्स्पर्ट लावले मी. एकाने आठ दिवसांत परत केला. दुसरा फोन उचलत नाही."

"का?"

"म्हणे सोर्स ट्री, म्हणजे सगळ्या फायलींची रचना, नीट लावलेलं नाही. आता नीट लावायचं म्हणजे काय करायचं, ते सांगेल तर शपथ."

"म्हणजे घर आवरायचं, भाऊजी. तुम्ही कधी आवरलं नाहीत, म्हणून कळत नाही."

तो मोठ्याने हसला. माझ्या बोलण्यातली सुरी त्याला कधीच लागली नाही. कातडीच तशी.

"मी लावून देते," मी म्हटलं. नवऱ्याने चमकून वर पाहिलं. "पण कुठली फाईल कुणी लिहिली याची यादी जोडावी लागते. एकूण एक फाईलची. ती मी माझ्या मनाने करणार नाही. तुम्ही लिहून द्यायची."

"त्यात काय लिहायचंय? सगळं माझंच आहे." जीभ जराही अडखळली नाही. मग भावाकडे एकदा बघून म्हणाला, "म्हणजे वहिनी, आभारात तुमचं नाव टाकू की. ठळक अक्षरात."

"ठळक कशाला? बारीकच टाका. जागा वाचेल."

नवरा हसला. सुटल्यासारखा हसला. आठ वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेतंय, असं त्याला वाटलं असावं.

*

मी औषध-स्टोअर सांभाळते. बावीस वर्षं झाली. स्टोअर तळघरात आहे. भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला दोन खिडक्या आहेत, त्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. नऊ रॅक, एक फ्रीज, एक काउंटर आणि मी. तेरा वर्षांपूर्वी माझ्या स्टोअरमधून मुदत संपलेलं एक इंजेक्शन वॉर्डात गेलं. तिथल्या एका बाईचा हात सुजला, चार दिवसांनी उतरला. बाई घरी गेली. मेमो मला मिळाला. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रोग्रामिंग शिकवणारं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्याची पहिली वीस पानं कुणीतरी फाडलेली होती. मी एकविसाव्या पानापासून शिकले.

त्यातून मुदत झाला. कुठलं औषध कुठल्या रॅकवर आहे, कधी संपतंय, आधी कुठलं बाहेर काढायचं, ते तो सांगतो आणि खोक्यावर चिकटवायची चिठ्ठी छापतो. सुरुवातीला त्यात एक चूक होती. औषधाच्या खोक्यावर नुसता महिना आणि साल असतं, दिवस नसतो. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. माझा प्रोग्राम पहिल्या तारखेलाच ते बाद करायचा. महिन्याचा शेवटचा दिवस काढायचा तर कधी तीस, कधी एकतीस, त्यात लीप वर्ष. मी रडकुंडीला आले होते. नवरा शाळेत गणित शिकवायचा. एका रविवारी तो माझ्याच खुर्चीवर अर्धा टेकून बसला, अर्ध्यावर मी, आणि वहीत गणित मांडून त्याने ते सोडवलं. मग मी दाखवेन तशी बोटं शोधत शोधत स्वतःच टाइप केलं. त्रेचाळीस ओळी. "झालं की गं!" असं तो ओरडला आणि आम्ही दोघं खुर्चीवरून पडता पडता राहिलो.

चिठ्ठीवर बारकोड छापायला मात्र मला येत नव्हतं. मी लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा पत्रपेटीत, माझं दोन पानी कोड जोडून प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी लांबच्या देशातल्या एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं. त्याने स्वतःच बनवलेलं बारकोडचं सगळं कोड पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, "वापरा, बदला, वाटा. माझी ओळ तेवढी राहू द्या." प्रत्येक फाईलच्या डोक्यावर एक ओळ असते, हे कुणी लिहिलं आणि कुठल्या साली. कॉपीराइटची ओळ. म्हाताऱ्याला पैसे नको होते, आभार नको होते. ती ओळ हवी होती. मी त्याला शब्द दिला.

आठ वर्षांपूर्वी माझे वडील अंथरुणाला खिळले आणि मी चार महिने त्यांच्याजवळ होते. परत आले, तर दिराच्या संस्थेच्या मासिकात त्याचा फोटो. मुदत या प्रोग्रामचे जनक. पेनड्राइव्ह नवऱ्यानेच दिला होता. "बघायला मागितला त्याने," म्हणाला. मी याच जेवणाच्या टेबलाशी उभी राहून आकांत केला. तेव्हा सगळे मला समजवायला लागले. घरातच राहिलं ना, बाहेर थोडंच गेलं? आणि नवरा म्हणाला, "त्याची नोकरी नवी आहे. तू स्टोअरमधली. तुला काय करायचंय नाव?"

या दिराच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं मी घातली होती. लग्न होऊन आले तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. त्याचं अक्षर घाणेरडं, म्हणून वह्यांवर त्याचं नावसुद्धा मीच लिहायचे. सवय तिथूनच लागली असणार त्याला.

मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे शिकत बसले. लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक प्रणाली, आणि तिचं डिस्ट्रिब्युशन म्हणजे एक अवाढव्य कोठार. हजारो प्रोग्राम तिथे रचून ठेवलेले, एक आज्ञा टाइप केली की आपल्या संगणकावर येतात. पण त्या कोठारात काहीही कसंही ढकलता येत नाही. कोड एका जागी, माहितीची पानं दुसऱ्या जागी, बदलता येण्याजोगी सेटिंगं तिसऱ्या. दुसऱ्याचं कोड आपल्या पोटात लपवून आणायचं नाही, ते कोठारातून वेगळं मागवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणती फाईल कुणाची त्याची यादी. ती नसेल किंवा खोटी असेल, तर दार बंद. मला हे समजायला अडचण आली नाही. माझं स्टोअर याहून वेगळं काय आहे? मी कोठाराचे दोन बारके प्रोग्राम सांभाळायला घेतले, एक मापं बदलणारा आणि एक घड्याळाचा. फुकट. माझं नाव तिथे होतं, माझ्या शब्दाला किंमत होती. दिराला हे एवढंच ठाऊक होतं की वहिनीचा यात हात बसलाय.

*

रविवारी सकाळी मी पेनड्राइव्ह लावला आणि पोट धरून हसले. आठ वर्षांत दिराने माझ्या प्रोग्रामची कचराकुंडी केली होती. आत फोल्डर होते: नवीन, नवीन२, शेवटचं, शेवटचं-खरंच, हेच-घ्या. एका फोल्डरमध्ये कुठल्या तरी हॉटेलच्या बिलाचा फोटो. प्रोग्राम चालताना दिराच्याच संगणकावरचा दिराचाच फोल्डर शोधायचा, म्हणजे जगात फक्त एका टेबलावर चालायचा. खाली मात्र सगळं माझं होतं. माझे शब्द, माझ्या सवयी. चाचणीसाठी घातलेली औषधं माझ्याच नऊ रॅकवरची होती, क्रमाने. बदललं होतं फक्त डोकं. दोनशे चौदा फायलींच्या डोक्यावर त्याचं नाव.

एकेक फाईल उघडत गेले आणि म्हाताऱ्याच्या फायलींवर थांबले.

दिराने हाताने नावं बदललीच नव्हती. एवढे कष्ट तो घेईल होय? सगळीकडची कॉपीराइटची नावं एका फटक्यात बदलून टाकायची आज्ञा त्याने दिली होती. माझं नाव गेलं तसं म्हाताऱ्याचंही गेलं. नाव गेलं, पण साल तसंच राहिलं. बारकोडच्या अकरा फायलींवर आता दिराचं नाव होतं आणि पुढे पस्तीस वर्षांपूर्वीचं साल. पस्तीस वर्षांपूर्वी आमचे भाऊजी सात वर्षांचे होते. दुसरीत.

हसू तिथेच थांबलं. "माझी ओळ तेवढी राहू द्या." शब्द मी दिला होता.

कोठाराच्या नियमाने मी तिथल्या तिथे ती ओळ परत लावायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. मी हात मागे घेतला. कारण मला दिसत होतं, म्हाताऱ्याचं बारकोडचं कोड कोठारात आधीपासून आहे, त्याच्या नावाने. तपासणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवली की संपलं. माझं नाव चोरलंय हे मी ओरडून सांगितलं असतं, तर घरचं भांडण म्हणून लोकांनी कानावर हात ठेवले असते. आठ वर्षांपूर्वी ठेवलेच होते. म्हाताऱ्याचं भांडण मात्र घरचं नव्हतं.

मी दिराला फोन लावला.

"भाऊजी, यादी कधी देताय?"

"अहो, सांगितलं ना, सगळं माझं. तुम्हीच लिहा तसं."

"बारकोडच्या फायलीसुद्धा?"

"सगळं म्हणजे सगळं, वहिनी. तुम्ही पण ना! औषधं मोजून मोजून शंकेखोर झालात."

"मग मेलवर लिहून पाठवा. एकदा फायली नीट बघा आणि मग पाठवा. घाई नाही."

मी घड्याळ बघितलं. चार मिनिटांत मेल आला. दोनशे चौदा फायली चार मिनिटांत. "सर्व फायली मी स्वतः लिहिल्या आहेत." खाली नाव, पदव्या आणि मोबाइल नंबर.

तीन वेळा दार उघडून दिलं होतं मी. ताटाशी एकदा, फोनवर एकदा, मेलला एकदा. माझ्या मनात पाप नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. त्याने तिन्ही वेळा खोटं बोलावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. त्याने निराश केलं नाही.

*

मग मी आवरायला घेतलं. दीड महिना. सकाळी ड्यूटीच्या आधी दोन तास आणि दुपारच्या सुट्टीत.

आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नाही मी. नवीन, नवीन२, शेवटचं सगळं फेकलं. कोड एका फोल्डरमध्ये, चाचण्या दुसऱ्यात. सेटिंगची फाईल तिच्या जागी. वापरणाऱ्यासाठी माहितीचं पान कधी लिहिलंच नव्हतं, ते लिहिलं. प्रोग्राम कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फोल्डरमध्ये, कितीही वेळा बांधला तरी तोच आणि तसाच निघेल इथपर्यंत आणला. पहिल्यांदा बांधताना संगणकाने चुकांचे एकशे बारा इशारे दिले होते. शेवटी एकही नाही.

दुपारी मेट्रन काउंटरच्या खिडकीशी आल्या. रुग्णालयात मला सगळे मुदतबाई म्हणतात, ते नाव त्यांनीच पाडलेलं.

"मुदतबाई, डबा खाताना हसतेस काय एकटीच? लॉटरी लागली का?"

"दिराचं काम करतेय."

"अगं बाई! त्या दिराचं? अन् वर हसतेस? विष तर नाही ना कालवत?" त्या काउंटरवर रेलल्या. "लागलं तर सांग, तिसऱ्या रॅकवर आहे."

"विषाची गरजच नाही, मेट्रन. फक्त स्वच्छ करतेय."

खरंच तेवढंच करत होते. घरात पसारा असला की मेलेला उंदीर कोपऱ्यात खपून जातो. वास येतो, पण कुठून ते कळत नाही. मी एक कोपरा शिल्लक ठेवला नाही. तपासणाऱ्याची नजर दुसरीकडे कुठे अडकू नये, एक सुटा कागद, एक चुकीचा फोल्डर तिला सापडू नये. आरशासारख्या फरशीवर मधोमध फक्त तो उंदीर.

नवरा तेव्हा फार खुशीत होता. सकाळी उठून माझ्याआधी चहा करायचा आणि कप माझ्या टेबलावर ठेवायचा.

"तू मोठ्या मनाची आहेस," एकदा म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"मला दिसतंय ना." मग वाकून पडद्याकडे बघितलं. "अगं, ही माझी फाईल! महिन्याचा शेवटचा दिवस. अजून आहे ही?"

"आहे की."

"बदलली नाहीस?"

"बदलण्यासारखं काही नव्हतं."

त्याला फार आनंद झाला. डोक्यावरचं नाव त्याने वाचलंच नाही. तिथेही त्याच्या धाकट्या भावाचंच नाव होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. क्षणभर वाटलं, दाखवावं. मग वाटलं, डोळे आहेत की याला. आठ वर्षं आहेत.

*

कोठारात नवीन प्रोग्राम तपासणारा जो माणूस आहे, त्याला पत्रपेटीवरचे सगळे चाळणी म्हणतात. पुरुष की बाई तेही कुणाला ठाऊक नाही. मी मुदतचं पॅकेज बांधून पाठवलं, त्यात दिराचं लेखी निवेदन जसंच्या तसं जोडलं. नवव्या दिवशी चाळणीचं उत्तर आलं, सगळ्यांना दिसणाऱ्या पत्रपेटीत. तिथे आलेलं पत्र कुणालाही पुसता येत नाही. पाठवणाऱ्यालाही नाही.

"इतकं नीट लावलेलं ट्री मी या वर्षात बघितलेलं नाही," चाळणीने सुरुवात केली होती. "तरी नाकारावं लागतंय. बारकोडच्या अकरा फायली आमच्याकडे आधीपासून दुसऱ्या माणसाच्या नावाने आहेत, अक्षर अन् अक्षर तेच. लेखकाला विचारावंसं वाटतं, पस्तीस वर्षांपूर्वी आपलं वय काय होतं? दुसरं म्हणजे, बारा वर्षांपूर्वी याच पत्रपेटीत एका बाईंनी याच प्रोग्रामचं दोन पानी कोड जोडून प्रश्न विचारला होता. लेखक म्हणून त्यांचं नाव यादीत का नाही? आणि शेवटचं, पॅकेज बांधणाऱ्यांना. त्या बाई तुम्हीच आहात. हे तुम्हाला दिसलं नाही का?"

मी त्याच पत्राखाली उत्तर दिलं. "दिसलं होतं."

आणखी काही लिहिलं नाही. चाळणीने त्याच दिवशी कोठारात माल पाठवायचा माझा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला. जाणूनबुजून खोटी यादी पुढे पाठवली म्हणून. बरोबरच केलं. मी चाळणीच्या जागी असते तर वर्षासाठी काढला असता.

निवड समितीतल्या कुणीतरी ते पत्र वाचलं. वाचणारच होतं. दिराचं नाव आता कुणीही शोधलं, की पहिल्यांदा ते पत्र निघतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर आला. चपला न काढता आत आला. नवरा उभा राहिला.

"हे मुद्दाम केलंय," दीर माझ्याकडे बोट करून भावाला म्हणाला. "दादा, विचार हिला. मुद्दाम केलंय का नाही?"

"हो," मी म्हटलं.

त्याला वाटलं होतं मी नाकारेन. त्याचं बोट तसंच हवेत राहिलं.

"मला एका शब्दाने सांगता आलं नसतं? घरातलं माणूस मी!"

"तीनदा विचारलं, भाऊजी. चार मिनिटांत उत्तर दिलंत. म्हणालात, औषधं मोजून शंकेखोर झालात."

"माझी जागा गेली! लोक हसतात मला. दुसरीतला शास्त्रज्ञ म्हणतात!"

"दुसरीत तुमचं अक्षर कसं होतं ते मी बघितलं नाही. नववीतलं बघितलंय. त्यावरून म्हणते, लोकांचं चुकतंय."

"वहिनी!"

"ओरडू नका. आधी चपला काढा, फरशी आत्ताच पुसलीय."

तो रडायला लागला. बेचाळीस वर्षांचा माणूस दारात उभा राहून रडत होता. मला वाईट वाटायला हवं होतं, असं पुढे पुष्कळांनी सांगितलं. नाही वाटलं. भूक लागलेल्या माणसाला जेवण मिळावं तसं झालं मला. खोटं कशाला बोलू?

नवरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाला, "घर फोडलंस तू."

"फुटलं होतं. मी फक्त झाडून काढलं."

"एका नावासाठी?"

"अहो, एवढंसंच होतं ना ते? मग त्याला कशाला हवं होतं? आणि तुम्ही कशाला दिलंत?"

दोघं गेले. "चार दिवस त्याच्याजवळ राहतो, त्याचं काही खरं नाही," असं नवरा जाताना म्हणाला. चार दिवसांचे चार महिने झाले. एक दिवस मी ड्यूटीवर असताना येऊन चष्म्याचा जादा जोड आणि शर्ट घेऊन गेला. किल्ली शेजारणीकडे ठेवून गेला.

*

सहा महिने संपायला आले, तेव्हा मुदत खऱ्या नावांनी परत पाठवायचा म्हणून मी चाळणीला लिहिलं. मुदतच्या पहिल्या प्रतीची जुनी सीडी स्टोअरच्या कपाटात होती, पर्समधून काढून तिथे ठेवलेल्या मेमोच्या घडीखाली. ती पुरावा म्हणून पाठवली. शेवटी लिहिलं, की बारकोडवाल्या म्हाताऱ्याची मला माफी मागायची आहे, त्यांचा पत्ता असला तर द्यावा. त्यांची ओळ पुसलेली मला दिसली होती आणि सूड उगवायचा म्हणून मी ती आणखी दीड महिना तशीच ठेवली.

चाळणीचं उत्तर दोन ओळींचं होतं. ते गेल्या जुलैत वारले. ओळ लावा.

हिशेब केला. माझ्याकडे पेनड्राइव्ह आला, त्याच महिन्यात ते गेले होते. दिराचं नाव डोक्यावर घेतलेल्या त्यांच्या अकरा फायली माझ्यासमोर उघड्या होत्या तेव्हा. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

दुपारच्या सुट्टीत यादी लिहायला बसले. त्यांच्या अकरा फायलींची आता गरजच नव्हती, त्यांचं कोड कोठारातून थेट येणार होतं. तरी माझ्या चिठ्ठीचा आकार त्यांच्याच एका कोष्टकावरून घेतलेला होता. त्या फाईलवर पहिली ओळ त्यांची लावली, सालासकट. मग माझ्या फायली. दोनशे दोन. एकेक. एका फटक्यात बदलायची आज्ञा मी दिली नाही, हाताने केल्या.

उरली एक. महिन्याचा शेवटचा दिवस.

ती नवीन लिहायला मला अर्धा तास लागला असता. आता मला ते गणित येत होतं, तेरा वर्षांत पाठ झालं होतं. नवऱ्याचं काही राहिलंच नसतं त्यात. मी नवी रिकामी फाईल उघडलीसुद्धा. तुला काय करायचंय नाव, म्हणाला होता. त्याला तरी काय करायचंय? पहिल्या सात ओळी झरझर लिहून झाल्या. आठव्या ओळीला बघितलं, तर मी त्याच्यासारखंच लिहीत होते. फेब्रुवारी आधी हातावेगळा करायचा आणि मग बाकीचे. ही युक्ती माझी नव्हती. अर्ध्या खुर्चीवर बसून वहीत मांडलेली होती ती, ओरडून.

नवी फाईल मी पुसली. जुनी उघडली. डोक्यावरचं दिराचं नाव काढलं आणि तिथे नवऱ्याचं नाव टाइप केलं. पूर्ण नाव. त्याच्यापुढे साल, ज्या साली तो रविवार होता ते. ओळी मोजल्या. त्रेचाळीस. यादीत त्याची ओळ माझ्या ओळीखाली गेली.

खिडकीशी मेट्रन आल्या. "मुदतबाई, तापाची इंजेक्शनं दोन खोकी. आणि आधी संपणारी दे हां."

"देते."

"झालं का तुझं ते?"

"झालं."

मी उठले, तिसऱ्या रॅकवरून खोकी काढली आणि चिठ्ठी छापायला दिली. यंत्र करकरलं. चिठ्ठी निघाली. या महिन्याची, फेब्रुवारीची, एकोणतीस तारीख, कारण वर्ष लीप होतं. मी ती खोक्यावर लावून अंगठ्याने नीट दाबली, कोपरे सुटू नयेत म्हणून, आणि खोकी खिडकीतून पलीकडे सरकवली.